पायाखालचे पाच व्होल्ट

राष्ट्रीय महामार्ग ६१ कल्याण, अहिल्यानगर, पाथरी, मानवत, परभणी, नांदेड करत तेलंगणात निर्मलकडे जातो. दिवाळीनंतर कापूस घराबाहेर पडला की मानवतच्या आसपास या रस्त्यावर बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे निघालेले ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप यांची रांग लागते. अशा रांगेतून एखाद्या ट्रॅक्टरला ओलांडायला तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दाबता आणि गाडी उचलतच नाही. इंजिन बंद पडलेलं नाही, आवाजही बिघडलेला नाही. पाय पार खाली टेकला तरी आरपीएमचा काटा बाराशे-पंधराशेच्या पुढे हलत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. गाडी बाजूला घेऊन चावी बंद करावी, थोडं थांबून पुन्हा मारावी, तर गाडी सुतासारखी सरळ चालू लागते. मग एखाद-दोन दिवसांनी पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये या तक्रारीला म्हणतात, ‘गाडी रेस घेत नाही.’ स्कॅनर लागतो, कोड येतो, त्या कोडात ‘पेडल पोझिशन सेन्सर’ हे शब्द असतात आणि नवीन पेडल मागवलं जातं. बहुतेक गाड्यांत हा सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खं पेडलच बदलावं लागतं. काही हजारांचा खर्च. पेडल खरोखर खराब असेल तर तो खर्च वाजवी आहे. पण पुष्कळदा नवीन पेडल बसवल्यावरही दिवा परत लागतो, कारण बिघाड पेडलमध्ये नव्हताच. स्कॅनरवर आलेला कोड आणि नवीन पेडलचं बिल यांच्यामध्ये जी अर्ध्या-पाऊण तासाची तपासणी व्हायला हवी, ती या प्रकरणाचा विषय आहे. तिला महागडं यंत्र लागत नाही. ती परभणीच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये होऊ शकते, तशी मानवतच्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येही होऊ शकते.

मराठवाड्यात काळ्या-पिवळ्या जीपा धावत होत्या तेव्हा अ‍ॅक्सिलेटर आणि इंजिन यांच्यात सरळ यांत्रिक नातं होतं. पाय दाबला की केबल किंवा दांडी ओढली जायची, डिझेल पंपाचा लिव्हर फिरायचा, डिझेल वाढायचं. केबल तुटली तर ती डोळ्यांना दिसायची, आणि तार बांधून गाडी घरी नेणारे ड्रायव्हर गावोगाव होते. पेट्रोल गाडीत तीच केबल थ्रॉटलची झडप उघडायची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूने ७ सिरीजच्या गाडीत ही केबल काढून विजेचा संदेश आणला. डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धत आल्यावर केबलला जागाच उरली नाही, कारण किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबाने सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवू लागला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. धुराचे नियम इतके कडक झाल्यावर इंजिनाचा श्वास थेट ड्रायव्हरच्या पायावर सोपवणं शक्यच नव्हतं. आज पाय फक्त मागणी करतो. ती मागणी किती पुरवायची हे ईसीयूच्या हातात असतं, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचते व्होल्टच्या रूपात.

पेडलच्या वरच्या टोकाला प्लास्टिकची डबी असते. तिच्यात बसलेला सेन्सर पेडल किती अंशांनी वळलं ते मोजतो. जुन्या पद्धतीत कार्बनच्या पट्टीवरून एक बारीक धातूची जीभ सरकते, नव्या पद्धतीत चुंबक फिरतो आणि त्याचं क्षेत्र मोजणारी चिप असते. जीभ-पट्टीचा प्रकार घासून झिजतो. चुंबकाच्या प्रकारात घासण्यासारखं काही नसतं, पण त्यातली चिप उष्णतेने किंवा पाण्याने जाऊ शकते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. सेन्सर एक नसतो, एकाच डबीत दोन असतात. प्रत्येकाला ईसीयूकडून ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा, वेगळी अर्थची वायर आणि वेगळी सिग्नलची वायर. म्हणून पेडलच्या कपलरमध्ये बहुधा सहा वायरी दिसतात.

पुष्कळ गाड्यांत पाय न लावता पहिला सेन्सर साधारण ०.७५ व्होल्ट देतो आणि दुसरा त्याच्या निम्मे, ०.३७ च्या आसपास. पाय पूर्ण दाबला की पहिला चारच्या जवळ जातो, दुसरा दोनच्या. काही कंपन्या दुसरा सेन्सर उलटा ठेवतात, म्हणजे एक चढतो तसा दुसरा उतरतो. आकडे गाडीगणिक बदलतात, पण दोघांचं आपसातलं नातं पक्कं असतं आणि ईसीयू ते सतत ताडून पाहतो. कापूस घेऊन आलेला शेतकरी जिनिंगच्या काट्यावरचं वजन बाहेरच्या धर्मकाट्यावर पडताळतो, तसंच हे आहे. दोन्ही वजनं जुळली नाहीत तर कोणता काटा चुकला हे कळेपर्यंत व्यवहार थांबतो. ईसीयूही तिथेच थांबतो. दोघांपैकी खरं कोण सांगतंय हे त्याला कळत नाही, म्हणून तो सावध मार्ग धरतो: ताकद कमी करतो, किंवा पेडलकडे दुर्लक्ष करून आरपीएम एका ठरावीक आकड्यावर बांधून टाकतो. हाच तो लिंप मोड. ओव्हरटेक करताना तो जीव टांगणीला लावतो हे खरं, पण गाडी आपोआप उधळण्यापेक्षा ती मंद होणं बरं, असा हिशेब त्यामागे आहे आणि तो योग्यच आहे.

व्होल्टेज शून्यापासून सुरू न होता ०.७५ पासून का सुरू होतं, यातही मोठी हुशारी आहे. वायर तुटली तर सिग्नल शून्यावर येतो. वायरीचं प्लास्टिक सोलवटून ती ५ व्होल्टच्या वायरीला चिकटली तर सिग्नल पाचवर जातो. चांगला सेन्सर या दोन टोकांना कधीच जात नाही, म्हणून टोक गाठलं की ईसीयूला लगेच कळतं की हा पाय नव्हे, हा बिघाड आहे. कोड याच हिशेबाने बेतलेले आहेत. पी २१२२ म्हणजे पहिल्या सेन्सरचा सिग्नल फार कमी, पी २१२३ म्हणजे फार जास्त. पी २१२७ आणि पी २१२८ हेच दुसऱ्या सेन्सरबद्दल सांगतात. पी २१३८ म्हणजे दोघांचा मेळ बसत नाही. यातला एकही कोड ‘पेडल बदला’ असं म्हणत नाही. सिग्नल कमी आहे, एवढंच तो म्हणतो. तो पेडलमध्ये कमी झाला, वायरीत झाला, कपलरमध्ये झाला की मुळात पाच व्होल्टच आले नाहीत, हे माणसाने शोधायचं असतं.

या सेन्सरवर जगभर सर्वाधिक चर्चा झाली ती टोयोटाच्या प्रकरणात. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात टोयोटाची एक लेक्सस गाडी अनावर वेगाने जाऊन आदळली आणि चार जण गेले. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची पायपुसणी टाकलेली होती आणि पेडल तिच्यात अडकलं होतं. पुढच्या काही महिन्यांत लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे का हे तपासायला अमेरिकी सरकारने चक्क नासाच्या अभियंत्यांना बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला. गाडी उधळवणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. मात्र एका बिघडलेल्या पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचा केसाहून बारीक तंतू वाढून दोन सिग्नलांच्या मध्ये शॉर्ट झालेला त्यांना दिसला. टोयोटाच्या सॉफ्टवेअरवरचा वाद पुढे कोर्टातही गेला आणि २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला. आपल्या कामाचं यात दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे पेडलखालची मॅट. गाडी नवी दिसावी म्हणून मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट, तिच्यावर तिसरी, असं आपल्याकडे सर्रास चालतं. पेडल तपासायला वाकलात की सगळ्यात आधी या मॅट बाहेर काढा. दुसरं म्हणजे नासाच्या अभियंत्यांनीही पेडल दोषी ठरवण्याआधी ते मोजलं, उघडलं आणि आत पाहिलं.

आता प्रत्यक्ष तपासणी. सुरुवात मालकाला विचारण्यापासून. बिघाड कायमचा आहे की अधूनमधून येतो? स्पीडब्रेकरवर गाडी आपटली की येतो, पावसात येतो, की दुपारच्या उन्हात गाडी तापल्यावर? नुकतंच कुणी वायरिंगमध्ये हात घातलाय का, टेप बसवलाय, अलार्म बसवलाय? गाडी आतून पाण्याने धुतली आहे का? गाडी उभी असते त्या शेडमध्ये सरकी, सोयाबीन, तुरीची पोती आहेत का? शेवटचा प्रश्न मानवतसारख्या गावात फार महत्त्वाचा आहे. धान्यामागे उंदीर येतात आणि रात्री गरम इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली शिरतात. त्यांनी कुरतडलेली वायर बऱ्याचदा तुटत नाही. दोन-चार तारांवर तग धरून राहते आणि गाडीला दणका बसला की तेवढ्यापुरता संपर्क सोडते.

मग बॅटरी. उतरलेली बॅटरी स्टार्टर मारताना इतकी खाली जाते की ईसीयू नको ते कोड नोंदवून ठेवतो. थांबलेल्या गाडीत १२.५ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट असतील तर पुढे जायला हरकत नाही.

स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा. आलेले सगळे कोड लिहून घ्यायचे, एकही पुसायचा नाही. ही घाई फार ठिकाणी होते. कोड पुसला की दिवा विझतो, मालक खूश होऊन जातो आणि कोड पडला त्या क्षणी वेग काय होता, इंजिन किती तापलं होतं, बॅटरी किती होती ही जपून ठेवलेली नोंदही त्याबरोबर जाते. अधूनमधून येणारा बिघाड पकडायला त्या नोंदीसारखं दुसरं काही नाही.

यानंतर चावी ‘ऑन’, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा. पेडलच्या दोन्ही सेन्सरांचे व्होल्ट शेजारी शेजारी लावा आणि पाय अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेत खाली न्या. आकडे न अडखळता चढले पाहिजेत आणि दोघांचं त्या गाडीतलं ठरलेलं नातं, बहुधा एक दुसऱ्याच्या दुप्पट, टिकलं पाहिजे. मग तितक्याच सावकाश वर. जीभ-पट्टीच्या सेन्सरमध्ये झीज बहुधा सुरुवातीच्या पाव भागात सापडते, कारण रोजच्या चालवण्यात पाय तिथेच जास्त वावरतो. त्या जागी आकडा क्षणभर खाली आपटतो आणि पुन्हा वर येतो. डिजिटल मल्टिमीटर इतका क्षणिक खड्डा दाखवत नाही, आकडा बदलेपर्यंत तो निघून गेलेला असतो. स्कॅनरवरचा आलेख तो पकडतो. तो नसेल तर काट्याचा जुना मल्टिमीटर लावा, काटा थरथरलेला लगेच दिसतो. ज्यांच्याकडे असा जुना मीटर धूळ खात पडलाय त्यांनी तो टाकून देऊ नये.

याच पायरीवर एक मोठा निकाल लागतो. दोन्ही आकडे गुळगुळीत चढतात, स्कॅनर पेडल शंभर टक्के दाबलंय असं दाखवतो, पेडलचा कोडही नाही, आणि तरीही गाडी ओढत नाही, तर पेडल निर्दोष आहे. मग डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, काजळीने भरलेला ईजीआर, पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडी अशा वाटेने जायचं. ‘पिकअप नाही’ आणि ‘रेस घेत नाही’ या तक्रारी मालक एकाच दमात सांगतो, पण पहिलीत पायाचा निरोप पोहोचलेला असतो आणि दुसरीत तो वाटेतच अडलेला असतो.

निरोप वाटेत अडलाय असं दिसलं तरी पेडल उघडण्याआधी ब्रेकचा स्विच बघा. हा मुद्दा इतक्या ठिकाणी सुटतो की तो ठासून सांगायला हवा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर एकाच वेळी दाबले गेले असं ईसीयूला वाटलं, तर तो ब्रेकवर विश्वास ठेवतो आणि ताकद काढून घेतो. ब्रेकवर पाय नसतानाही स्विच ‘दाबलाय’ असं सांगत राहिला तर गाडी तंतोतंत पेडल बिघडल्यासारखी वागते. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकचे दिवे पाहा, स्कॅनरवर ब्रेकची स्थिती पाहा. पी ०५०४ हा कोड असेल तर ब्रेक स्विचच्या दोन संपर्कांचं पटत नाही असा त्याचा अर्थ. हा स्विच पेडलच्या मानाने फारच स्वस्त असतो.

आता मल्टिमीटर घेऊन पेडलच्या कपलरपाशी वाका. इथे एक जुनी सवय सोडावी लागेल. बारा व्होल्टच्या बल्बला सुई लावलेला टेस्ट लॅम्प हा आपल्या वायरमनचा उजवा हात. हेडलाइट-हॉर्नच्या कामात तो चोख आहे, पण सेन्सरच्या वायरीला तो लावू नका. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा देण्यासाठी ईसीयूचा पाच व्होल्टचा पुरवठा बनवलेला नाही, आणि ईसीयू गेला तर पेडलच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो. वायरीत टाचणी खुपसून व्होल्ट बघणंही टाळा. त्या भोकातून पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात नवा बिघाड उभा राहतो. कपलर लावलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून, बारीक टोक सरकवा.

चावी ऑन असताना दोन पिनांवर ५ व्होल्टच्या जवळचा आकडा हवा. अर्थच्या दोन पिना आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात जवळपास काहीच नको; व्होल्टच्या दहाव्या भागाहून जास्त दिसलं तर अर्थ कमजोर आहे. उरलेले दोन सिग्नल. कोणती पिन कुठली हे वायरिंगच्या आकृतीवरूनच ठरवा, रंगांवर जाऊ नका, मॉडेलगणिक रंग बदलतात. पाच व्होल्ट पूर्ण, अर्थ पक्की आणि तरीही सिग्नल अडखळतोय, तर पेडल दोषी. पाच व्होल्टच नाहीत, तर नवीन पेडलही उपाशीच राहणार. अशा वेळी लक्षात घ्या, की ईसीयू एकाच पाच व्होल्टच्या वाटेवर इतर सेन्सरही जोडतो. त्यातल्या एकाचा शॉर्ट झाला तर सगळे एकदम कोसळतात आणि बहुधा पी ०६४१ किंवा पी ०६५१ हा कोडही सोबत येतो. त्या वाटेवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. तो बॉनेटखाली, पेडलपासून हातभर लांबही असू शकतो.

शेवटी हलवण्याची परीक्षा. एकाने स्कॅनरवर डोळा ठेवायचा, दुसऱ्याने पेडलपासून ईसीयूपर्यंत वायरीचा गठ्ठा वीतभर-वीतभर हलवत जायचं. कपलर दाबून, वाकवून पाहायचा. जिथे आकडा उडी मारतो तिथे थांबायचं, टेप उलगडायची आणि आत पाहायचं. चावी बंद करून कपलर उघडलात तर पिना नीट निरखा: हिरवट थर, मागे सरकलेली पिन, सैल पडलेली फट. मानवतच्या काळ्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळी ओल मिळून जो राप बसवते तो नुसत्या फुंकरीने जात नाही, संपर्क साफ करणारा स्प्रे लागतो. तोही कपलरवर मारायचा, सेन्सरच्या डबीत नाही. वायर तुटलेली सापडली तर पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा आणि वर हिट श्रिंक नळी चढवा.

हे सगळं छोट्या गॅरेजमध्ये होत नाही याचं कारण हात कमी पडतात हे नाही. आयटीआयच्या ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ या दोन वर्षांच्या ट्रेडमधून आलेल्या पोराला ओहमचा नियम येतो. अडतं ते वायरिंगच्या आकृतीपाशी आणि त्या मॉडेलच्या नेमक्या आकड्यांपाशी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती बाहेर खुली करावी हा त्यामागचा विचार आहे. तालुक्याच्या गावांना याची गरज शहरांपेक्षा जास्त आहे. पुण्यात गाडी अडली तर दुसरं सर्व्हिस सेंटर दोन चौकांवर असतं, मानवतला गाडी टो करून परभणीला न्यावी लागते. त्या फेरीत पैसे जातात आणि कापसाच्या दिवसांत पिकअपचं एका दिवसाचं भाडंही बुडतं.

पेडल खरंच बदलावं लागलं तर बसवल्यावर काही गाड्यांत ईसीयूला पेडलची नवी शून्य-जागा शिकवावी लागते. कुठे चावी ऑन करून पाय न लावता थांबलं की काम होतं, कुठे स्कॅनरवरून आज्ञा द्यावी लागते. मग कोड पुसा, पुन्हा सावकाश पाय दाबून दोन्ही आकडे पाहा आणि गाडी मोकळ्या रस्त्याला नेऊन आणा. ज्या अवस्थेत बिघाड येत होता तीच अवस्था पुन्हा आणायला हवी: स्पीडब्रेकर असेल तर स्पीडब्रेकर, तापलेलं इंजिन असेल तर तासभर चालवून. मालकाने जुनं पेडल मागून घ्यावं, आणि मिस्तरीने पाय न लावता व पूर्ण दाबून आलेले दोन्ही सेन्सरांचे व्होल्ट बिलावर लिहून द्यावेत. सहा महिन्यांनी दिवा परत लागला तर त्या चार आकड्यांशी ताडून पाहता येतं, आणि शोध पेडलपासून सुरू करायचा की वायरीपासून, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.